रंगाविना रोगदर्शन
(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

१९२१ सालच्या सप्टेंबर महिन्यातील गोष्ट. 'नारकुंडा' नावाची आगबोट भूमध्य समुद्र कापीत हिंदुस्थानच्या दिशेने निघाली होती. ऑक्सफर्ड येथील विद्यापीठ परिषद आटोपून मायदेशी परतणारे कलकत्ता विद्यापीठाचे एक तरुण प्राध्यापक डेकवर उभे राहून समुद्राची गडद निळाई न्याहाळीत होते. समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी ठरून गेलेले होते. आकाशाचे प्रतिबिंब पाण्यात पडते म्हणून, असे लॉर्ड रॅली यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते. या प्राध्यापकाने मात्र खिशातील एक छोटा निकोल लोलक डोळ्यांसमोर धरला आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवून टाकला. प्रतिबिंब गेले, पण निळाई गेली नाही. उलट ती अधिकच खुलली. याचा अर्थ, तो रंग आकाशाकडून उसना घेतलेला नव्हता. पाण्याच्या रेणूंनी केलेल्या प्रकाशाच्या विकिरणातून तो निर्माण होत होता.

ते प्राध्यापक म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्या निळाईचा पाठपुरावा करता करता, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, कलकत्त्याच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत त्यांना तो शोध लागला, जो आज 'रामन परिणाम' म्हणून जगाला ठाऊक आहे. के. एस. कृष्णन हे त्यांचे त्या कार्यातील सहकारी. १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९८७ सालापासून हाच दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

या प्रसंगात एक मोठे सूत्र दडलेले आहे. वस्तूवर बाहेरून काहीही न चढवता, तिला न कापता, न रंगवता, केवळ तिच्यावर प्रकाश टाकून आणि परतलेला प्रकाश नीट वाचून तिच्या अंतरंगाचे ज्ञान होऊ शकते. वैद्यकशास्त्रात आज याच सूत्रावर मोठे काम उभे राहिले आहे. रंगद्रव्याविना शरीराचे चित्र घेणारी प्रकाशीय तंत्रे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

रंगाची गरज का पडली?

मुळात वैद्यकाला रंगाची गरज का पडली, हे प्रथम पाहिले पाहिजे. मानवी शरीरातील पेशी बहुतांशी पाण्याने भरलेली असते. तिचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर प्रकाश आरपार निघून जातो. पाण्यात ठेवलेला काचेचा तुकडा जसा जवळजवळ दिसेनासा होतो, तशीच ही अवस्था. केंद्रक कोठे, पेशीचे आवरण कोठे, निरोगी भाग कोणता आणि बिघडलेला कोणता, काही उमगत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले आणि या अडचणीवर उपाय सापडला. कापड रंगविणारी द्रव्ये पेशींनाही रंगवितात, असे लक्षात आले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, तो रंजनाच्या साहाय्यानेच. हिमॅटॉक्सिलिन हे झाडाच्या गाभ्यापासून मिळणारे द्रव्य केंद्रकाला निळसर जांभळे करते आणि इओसिन उर्वरित भागाला गुलाबी करते. या जोडीच्या आधारावर विकृतिशास्त्राची इमारत उभी आहे. आजही कर्करोगाचा अंतिम निर्णय प्रामुख्याने या जांभळ्या-गुलाबी चित्रावरूनच दिला जातो. त्या रंगांचे ऋण वैद्यकाने कधीही विसरू नये.

परंतु या पद्धतीला वेळ लागतो. संशयित भागाचा तुकडा काढायचा, तो फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करायचा, मेणात बसवायचा, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते रंगवायचे आणि मग तज्ज्ञाने पाहायचे. मोठ्या शहरात या क्रमाला काही दिवस लागतात. तालुक्याच्या गावी तर नमुना दुसऱ्या गावी पाठवावा लागतो. तोपर्यंत सुगीचे दिवस येतात, मजुरी बुडते, घरात लग्नकार्य निघते. पुन्हा येतो म्हणून गेलेला रुग्ण कित्येकदा परतत नाही आणि परततो तेव्हा रोग पुढे गेलेला असतो. त्यात 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' ही निराधार भीती समाजात खोलवर रुजलेली आहे. निदान आणि रुग्ण यांच्यामध्ये अशा अनेक भिंती उभ्या राहतात.

शरीराबाहेर काढलेल्या तुकड्याप्रमाणेच जिवंत शरीरातही रंग वापरला जातो. डोळ्याच्या मागील दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या पाहण्यासाठी दंडाच्या शिरेतून फ्ल्युओरेसिन नावाचे द्रव्य टोचतात आणि निळ्या प्रकाशात ते चमकू लागले की भराभर छायाचित्रे घेतात. हॅरॉल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड आल्विस यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात विकसित केलेली ही पद्धत १९६१ साली प्रसिद्ध झाली आणि तिने लक्षावधी लोकांची दृष्टी वाचविण्यास हातभार लावला. पण या तपासणीत काहींना मळमळते, त्वचा व लघवी काही काळ पिवळी होते आणि क्वचित एखाद्याला जिवावर बेतणारी ॲलर्जी होते. मधुमेहाच्या रुग्णाला अशी तपासणी वारंवार करणे सोपे नाही. म्हणून प्रश्न उभा राहिला, की रंग न टोचता हेच पाहता येईल काय?

अडथळ्यातून सापडलेली वाट

या प्रश्नाच्या उत्तराचा एक सुंदर अध्याय जपानमध्ये लिहिला गेला. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी निहोन कोडेन या कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते, याचे मापन करीत होते. पद्धत रंगाचीच होती. शिरेतून रंगद्रव्य सोडायचे आणि कानाच्या पाळीतून आरपार प्रकाश टाकून रक्तातील रंग कसा वाढतो व ओसरतो, हे टिपायचे. पण आलेख कधी सरळ येईना. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी तो थरथरत असे. इतरांच्या दृष्टीने ही थरथर म्हणजे निव्वळ कटकट होती. आओयागी यांनी ती पुसून टाकण्याचा प्रयत्न करता करता तिच्याकडेच नीट पाहिले. ठोक्यागणिक बदलणारा भाग धमनीतील रक्ताचाच असणार. मग दोन निरनिराळ्या तरंगलांबींचा प्रकाश वापरला, तर त्या रक्तात प्राणवायू किती आहे हेही कळेल! १९७४ साली त्यांनी ही कल्पना मांडली. रंगद्रव्य बाजूला राहिले आणि नाडीमापक ऑक्सिमीटर जन्माला आला.

बोटाला चिमट्यासारखे लावायचे ते यंत्र २०२० आणि २०२१च्या महामारीत भारतातील घराघरांत पोहोचले. त्यातील लाल दिव्याची तरंगलांबी सुमारे ६६० नॅनोमीटर आणि दुसऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त दिव्याची सुमारे ९४० नॅनोमीटर असते. प्राणवायू धारण केलेले हिमोग्लोबिन आणि न धारण केलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि त्या फरकावरून आकडा मिळतो. रक्त स्वतःच रंगीत आहे, मग त्यात आणखी रंग कशाला, हा या यंत्रामागचा सरळ विचार आहे. आओयागी यांचे निधन एप्रिल २०२० मध्ये झाले, त्या वेळी जगभरातील रुग्णशय्यांवर त्यांचीच कल्पना पहारा देत होती.

प्रकाशाचा प्रतिध्वनी

दुसरा अध्याय डोळ्यांचा. सोनोग्राफीत ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आतले चित्र काढतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तोच प्रयोग प्रकाशाने करावा, तर अडचण अशी की प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. दृष्टिपटलाची जाडी जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. एवढ्याशा अंतरातून परतणाऱ्या प्रकाशाला लागलेला वेळ कोणत्याही साध्या घड्याळाने मोजता येणार नाही.

यावर व्यतिकरणाचा उपाय सापडला. प्रकाशाच्या झोताचे दोन भाग करायचे. एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा ज्ञात अंतरावरील आरशाकडे. परतलेले दोन्ही झोत पुन्हा एकत्र आणले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला, हे उलगडते. या तंत्राला 'ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी' म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात ते 'ओसीटी' या नावाने येते. डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ते 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. या तिघांना २०२३ साली त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

आज नेत्ररुग्णालयात रुग्ण हनुवटी टेकवून बसतो आणि काही सेकंदांत त्याच्या दृष्टिपटलाचे थर पुस्तकाच्या पानांसारखे पडद्यावर उलगडतात. सुई नाही, औषध नाही, स्पर्शही नाही. मधुमेहामुळे दृष्टिपटलाच्या मध्यभागी आलेली सूज मायक्रॉनच्या हिशेबात मोजता येते. पुढे याच तंत्राचा विस्तार रक्तवाहिन्यांकडे झाला. दृष्टिपटलाचे थर स्थिर असतात, फक्त वाहिन्यांतील रक्तपेशी हलत असतात. एकाच जागेची चित्रे क्षणाक्षणाला घेऊन त्यांतील बदल तेवढा वेगळा काढला, की रंगद्रव्याशिवाय केशवाहिन्यांचे जाळे दिसू लागते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार २०२१ साली भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. एवढ्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचे, तर वारंवार करता येईल अशी निरुपद्रवी तपासणीच उपयोगाची. अर्थात या तंत्रालाही मर्यादा आहेत. वाहिनीतून द्रव पाझरत असेल तर ती गळती फ्ल्युओरेसिनच्या चित्रात थेट दिसते, तशी ती रंगाविना घेतलेल्या चित्रात दिसत नाही. म्हणून अनुभवी नेत्रतज्ज्ञ दोन्ही पद्धती हाताशी ठेवतात. जुन्याला झिडकारून नव्याचा जयजयकार करणे, ही विज्ञानाची रीत नव्हे.

रेणूंची स्वाक्षरी

तिसरा अध्याय पुन्हा रामन यांच्याकडे घेऊन येतो. पदार्थावर एका शुद्ध रंगाचा प्रकाश टाकला की विखुरणारा बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परततो. पण त्यातील अत्यल्प अंश, साधारण कोटीत एखादा कण, रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून रंग बदलून येतो. हा बदल रेणूगणिक वेगळा असतो. प्रथिनांची कंपने वेगळी, स्निग्ध पदार्थांची वेगळी, डीएनएची वेगळी. त्यामुळे पेशीवर लेसरचा झोत टाकून मिळणारा रामन वर्णपट म्हणजे त्या पेशीच्या रासायनिक घडणीची स्वाक्षरीच. पेशी कर्करोगाच्या वाटेला लागली, की तिच्यातील प्रथिने, स्निग्धांश आणि न्यूक्लिक आम्ले यांचे प्रमाण बदलते. ही स्वाक्षरीही त्याबरोबर बदलते, आणि पुष्कळदा डोळ्याला काही दिसण्याआधी बदलते.

हा मंद प्रकाश पकडण्यासाठी रामन यांच्या काळात तासन् तास छायाचित्रपट्टी उघडी ठेवावी लागे. लेसर, संवेदनशील शोधक आणि काचतंतू या तीन साधनांनी तो काळ सेकंदांवर आणला. यांतील काचतंतूंच्या विकासातही एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ साली काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेण्याचे संशोधन प्रसिद्ध केले. आज पेन्सिलीएवढी तंतूची नळी गालाच्या आतल्या बाजूला टेकवून वर्णपट घेता येतो, त्यामागे ही सारी परंपरा उभी आहे.

याच तत्त्वाचे एक प्रगत रूप शस्त्रक्रियागृहातही पोहोचले आहे. मेंदूतील गाठ काढताना ती कोणत्या प्रकारची आहे, हे शल्यचिकित्सकाला तिथल्या तिथे कळणे आवश्यक असते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२० साली 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७८ रुग्णांच्या ताज्या, न रंगविलेल्या नमुन्यांची रामन तत्त्वावर चित्रे घेतली गेली आणि संगणकाने अडीच मिनिटांच्या आत निदान सुचविले. त्याची अचूकता ९४.६ टक्के भरली. पारंपरिक पद्धतीने रंगविलेले नमुने पाहणाऱ्या तज्ज्ञांची ९३.९ टक्के होती. कलकत्त्यातील एका छोट्या प्रयोगशाळेतून निघालेला प्रकाश अशा रीतीने शल्यचिकित्सकाच्या हाताशी येऊन पोहोचला.

भारताचा प्रश्न, भारताचे प्रयत्न

हे सारे ऐकून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण अभिमानाबरोबर एक अस्वस्थ करणारी आकडेवारीही समोर ठेवली पाहिजे. ग्लोबोकॅनच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार ओठ व मुखाच्या कर्करोगाचे जगभरात सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण झाले. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातील होते. जगातील दर तिसऱ्या रुग्णाहून अधिक आपल्या देशाचा. तंबाखू, गुटखा, मावा, मशेरी आणि सुपारी ही त्याची उघड कारणे आहेत. आणि हा रोग पोटात किंवा मेंदूत दडलेला नसतो. तो तोंडात असतो, तोंड उघडले की दिसेल अशा जागी. न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, हळूहळू कमी उघडू लागलेला जबडा, ही त्याची पूर्वसूचना असते. तरीही असंख्य रुग्ण रोग पुढे गेल्यावरच रुग्णालयाची पायरी चढतात.

या प्रश्नावर भारतीय प्रयोगशाळांनी काम केले आहे. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या गालाच्या आतील त्वचेचे प्रत्यक्ष रामन वर्णपट घेऊन निरोगी, कर्करोगपूर्व आणि कर्करोगग्रस्त भाग वेगळे ओळखता येतात काय, याचा दीर्घ अभ्यास केला. एका गालाला कर्करोग झालेल्या रुग्णाच्या दुसऱ्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या गालातही बदलाची चाहूल लागते काय, इथपर्यंत त्यांनी शोध घेतला. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने 'ऑन्कोडायग्नोस्कोप' नावाचे सहज नेता येईल असे उपकरण विकसित केले. ऊतींमधील कोलॅजनसारखे नैसर्गिक घटक विशिष्ट प्रकाशात स्वतःच मंद चमकतात. रोगग्रस्त भागात या चमकेचे स्वरूप बदलते आणि हा बदल बाहेरून कोणतेही द्रव्य न लावता मोजता येतो.

प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट गावात उपयोगी पडेपर्यंत मात्र बराच मोठा रस्ता चालावा लागतो, आणि त्या रस्त्यावर तीन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी आपल्या माणसांची. नाडीमापक ऑक्सिमीटर कित्येक वर्षे निर्दोष मानला जात होता. २०२० साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले, की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तात प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घटला असतानाही यंत्र ठीक आकडा दाखवीत होते, आणि असे होण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होते. त्वचेचे रंजकद्रव्य प्रकाश शोषते, याचा पुरेसा विचार आधी झाला नव्हता. हा धडा भारताने गांभीर्याने घेतला पाहिजे. आपल्याकडील तोंडे तंबाखू-सुपारीने रंगलेली, श्लेष्मल त्वचा तंतुमय होऊन ताठरलेली. परदेशातील निरोगी गालांवर बेतलेले यंत्र येथे तसेच चालेल, असे गृहीत धरता येणार नाही. रंगाविना पाहणाऱ्या यंत्राला पानाच्या रंगानेच चकवावे, असेही घडू शकते. म्हणून अशी यंत्रे आपल्याच रुग्णांवर, निरनिराळ्या प्रांतांत आणि मोठ्या संख्येने पारखून घेतली पाहिजेत.

दुसरी कसोटी गणिताची. समजा, दहा हजार लोकांची तपासणी झाली आणि त्यांतील शंभर जणांना खरोखर धोका आहे. यंत्र नव्वद टक्के अचूक आहे, असे धरू. ते शंभरांपैकी नव्वद जणांना पकडील आणि दहा जणांना सोडून देईल. उरलेल्या नऊ हजार नऊशे निरोगी लोकांपैकी नऊशे नव्वद जणांना मात्र ते उगाच संशयित ठरवील. म्हणजे एक हजार ऐंशी लोक घाबरून रुग्णालयात येतील आणि त्यांत खरे रुग्ण फक्त नव्वद. 'नव्वद टक्के अचूक' हे शब्द कानाला गोड लागतात, पण गावपातळीवर त्यांचा अर्थ हा असतो. याच कारणाने अशा यंत्राचे काम चाळणी लावण्याचे आहे, अंतिम निवाडा देण्याचे नाही. संशय आला की तुकडा काढून, रंगवून, तज्ज्ञाने पाहणे अजूनही आवश्यकच राहते. यंत्राने तुकडा नेमका कोठून काढावा हे अचूक दाखविले, तरी तो मोठा उपकार ठरेल.

तिसरी कसोटी प्रकाशाची स्वतःची. शरीराच्या ऊतींत शिरलेला प्रकाश धुक्यातल्या दिव्यासारखा चहूकडे विखुरतो. ओसीटीसारख्या तंत्राला बहुतेक ऊतींत एक-दोन मिलिमीटरपलीकडे स्पष्ट दिसत नाही. डोळा, तोंड, त्वचा, अन्ननलिकेचे अस्तर, शस्त्रक्रियेत उघडा पडलेला भाग, ही त्याची खरी कार्यक्षेत्रे आहेत. यकृताच्या गाभ्यातील गाठीसाठी सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय लागणारच. 'एका किरणात सर्व रोगांचे निदान' अशी जाहिरात कोणी केली, तर सुजाण नागरिकाने तिच्याकडे संशयानेच पाहावे.

सर्वांत साधा दिवा

या विवेचनात एका भारतीय प्रयोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९९६ साली केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर गेले आणि त्यांनी पस्तीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांची तोंडे उजेडात नीट तपासली. लेसर नव्हता, वर्णपटमापक नव्हता, संगणक नव्हता. संशयित आढळले त्यांना पुढील उपचारासाठी पाठविले. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्या लोकांमध्ये, तपासणी झालेल्या विभागात मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

रंगद्रव्याविना होणाऱ्या प्रकाशीय निदानाचे सर्वांत स्वस्त आणि कसून पारखलेले उदाहरण म्हणजे साधा उजेड आणि शिकविलेली नजर. नव्या यंत्रांची खरी स्पर्धा परदेशी यंत्रांशी नाही. ती या साध्या नजरेशी आहे. आरोग्यसेविकेच्या डोळ्याला जे दिसत नाही ते दाखविता आले, आणि ते तिच्या हाती परवडेल अशा किमतीत देता आले, तरच त्यांचे सार्थक. आणि ते होईपर्यंत हातातला दिवा विझवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

हे काम केवळ शास्त्रज्ञांचे नाही. महाविद्यालयांतून भौतिकशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी लेसर, शोधक आणि काचतंतू यांच्या निर्मितीकडे वळावे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी प्रकाशशास्त्राकडे परका विषय म्हणून पाहू नये. तपासणी शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदाब व साखरेबरोबर तोंडाची तपासणीही ठेवावी आणि संशयित आढळलेल्या माणसाला केवळ चिठ्ठी देऊन न पाठवता रुग्णालयाच्या दारापर्यंत सोबत करावी. निदान कितीही लवकर झाले, तरी माणूस उपचारापर्यंत पोहोचला नाही तर ते व्यर्थ. आणि घराघरांतील मातांनी, मुलांनी वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारावे, की 'बाबा, तोंडातली ती जखम किती दिवसांची आहे?' दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण वैद्याला दाखविलाच पाहिजे, आणि तंबाखूची पुडी घराबाहेर गेलीच पाहिजे.

समुद्र निळा का, हा प्रश्न अनेकांना पडला असेल. रामन यांनी ठरलेल्या उत्तरावर समाधान मानले नाही. त्यांनी प्रतिबिंब बाजूला सारले आणि पाणी स्वतः काय सांगते, ते ऐकले. शरीरही असेच सतत काही सांगत असते. त्याच्या बोलण्यावर दुसरा रंग न चढवता ते ऐकण्याची साधने आता हळूहळू माणसाच्या हाती येत आहेत. ज्या देशाने जगाला तो प्रकाश वाचायला शिकविले, त्याच देशातील माणसे तोंडातल्या एका चट्ट्याने, दिसत असूनही न पाहिल्यामुळे, अकाली जात राहावीत हे शोभणारे नाही. विज्ञान दिन साजरा करायचा तो रामन यांच्या प्रतिमेला हार घालून तर खराच, पण त्यांनी लावलेला दिवा शेवटच्या घरापर्यंत नेला, तरच तो खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.